नेलीच्या नावाची चिठ्ठी

सामानाची बादली काट्यावर ठेवली तर 19 पौंड भरले. या पायी वाटेवर 17च्या वर चालत नाही. मी स्वेटर काढून मोटारीत ठेवला आणि हरिपाठाची वही बादलीतच राहू दिली.

सॉल्ट लेक सिटीत येऊन नऊ वर्षं झाली. यंदा आषाढीला गावी जाणं जमलं नाही. लोणंदच्या अलीकडे आमचं गाव. पालखी आली की आई घराला कुलूप लावून दिंडीत शिरायची आणि थेट पंढरपूरला पोचायची. मीही तिच्यासोबत चार वेळा चाललेय. मी उदास दिसले म्हणून शेजारीणबाईंनी विचारलं, "आमच्याबरोबर चालतेस का? तीन दिवस, वायोमिंगला." त्या मॉर्मन, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाच्या. त्यांच्या पूर्वजांनी सॉल्ट लेकला येताना हातगाड्या ओढत जी वाट तुडवली, तिचा एक तुकडा ही मंडळी पोराबाळांसकट चालतात. पायघोळ झगे, डोक्याला बॉनेट, मागे लाकडी गाडी. मी हो म्हटलं. चालायला मिळतंय एवढंच मला पुरे होतं.

प्रत्येकाच्या गळ्यात एक चिठ्ठी असते, त्यावर वाटेवरच्या एखाद्या पूर्वजाचं नाव. माझे पूर्वज त्या वाटेवर कुठून असणार? म्हणून मला एक नाव दिलं: नेली पर्सेल, वय 9.

नेली इंग्लंडमधल्या टिंटविसल गावची. 1856च्या मे महिन्यात आईबाप आणि 14 वर्षांच्या मॅगीबरोबर ती लिव्हरपूलहून जहाजात चढली. पुढे अमेरिकेत आगगाडीनं आयोवा सिटी, आणि तिथून पायी. त्यांची मार्टिन तुकडी निघाली 28 जुलैला. जुलै संपताना! हजार मैलांच्या वर चालायचं, पुढे डोंगर, आणि निघायची वेळ ही. आपल्याकडे पेरणीची वेळ टळली तर घरातलं पोरगंसुद्धा बोलून दाखवतं. गाड्या ओल्या लाकडाच्या, कोरड्या हवेत आटून खिळखिळ्या झालेल्या. माणशी 17 पौंड सामान, तेही वाटेत 10वर आणलं. पांघरुणं जाळली. त्यानंतर दोनच दिवसांनी, 19 ऑक्टोबरला, प्लाट नदी शेवटची ओलांडताना बर्फ सुरू झाला. पहिल्या मुक्कामी एका दादांनी हे सांगितलं तेव्हा सगळे डोळे मिटून बसले होते आणि मी संतापानं थरथरत होते. कुणी तरी त्यांना थांबवायला हवं होतं.

त्या रात्री थंडी पडली. स्वेटर मोटारीत होता.

मार्टिन्स कोव्ह पाहिलं, बर्फात अडकलेल्या त्या तुकडीनं आसरा घेतला ती डोंगरातली जागा. तिथं कुणी मोठ्यानं बोलत नाही.

स्वीटवॉटर नदीकाठच्या डासांनी मात्र जीव नकोसा केला. माझ्या गाडीवर नऊ पोरं होती. प्रत्येक गाडीचं एक कुटुंब करतात, त्यात मोठ्या बाईला 'मा' म्हणतात. पहिल्या दिवशी ते ऐकायला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दर पाच मिनिटांनी "मा, पाणी", "मा, अजून किती?" सुरू झालं तेव्हा वाटलं, वारीत निदान आपापलं चालता येतं. मग त्यांनी गाणं धरलं, पाय तालात पडायला लागले, आणि माझ्या तोंडातून नकळत 'ज्ञानोबा माउली तुकाराम' सुटलं. पुढचा मुलगा मागे वळून हसला आणि त्यानं दांड्यावर बोटांनी ठेका धरला.

दुपारी तो चढ आला. तिथं पुरुषांना बाजूला काढतात आणि गाडी फक्त बायकांनी ओढायची. पायाखाली वाळू, चाक अर्धं रुतलेलं. पुरुष दोन्ही बाजूंना टोप्या काढून गप्प उभे. ती त्यांची रीत, मला ठाऊक होतं. तरी ओरडून म्हणावंसं वाटलं, उभे काय राहिलात, हात लावा! दिव्याच्या घाटात रथाला मागून हजार हात लागतात. इथं आम्ही पाच जणी. दांडा छातीत रुतला, उजवी टाच बुटात सरकली आणि काहीतरी फाटल्यासारखं झालं. वर पोचलेल्या दोन मुली धावत खाली आल्या, दांड्याखाली शिरल्या, तेव्हा गाडी चढली.

मी एका दगडावर बसून बूट काढला. रुपयाएवढा फोड, कडेनं फुटलेला, त्यात वाळू. दुसऱ्या गाडीवरच्या एक बाई आल्या, साठीच्या असतील. काही न विचारता धुळीत गुडघे टेकून बसल्या आणि माझी टाच मांडीवर घेतली. "सिस्टर, धुतल्याशिवाय पट्टी धरणार नाही," म्हणाल्या. पाण्याची गाडी संध्याकाळी येणार होती. त्यांनी स्वतःची बाटली उघडली आणि अगदी बारीक धारेनं, एका हातानं वाळू काढत, अर्ध्याहून जास्त पाणी माझ्या पायावर ओतलं. मी नको नको म्हणत होते. त्यांचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या टाचेवरचा फोड अजून फुटला नव्हता. मी बादलीतून सुईदोरा काढला. आईची शिकवण: फोड फोडायचा नाही, दोरा ओवून ठेवायचा, पाणी आपोआप झरतं. बाईंनी ते कधी पाहिलं नव्हतं. काडीनं सुई तापवली आणि मी त्यांनाच ओवायला सांगितलं, कारण माझा हात पोचेना. त्यांचा हात थोडा कापत होता. दोरा पार झाला तेव्हा त्यांनी श्वास सोडला. मग स्वतःच्या पायातले लोकरीचे मोजे काढले, मला घातले, आणि अनवाणी पाय तसेच बुटात सारून उठल्या. उठताना त्यांना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. गुडघे गेलेले असणार.

संध्याकाळी त्यांनीच नेलीचं पुढचं सांगितलं. आई आजारी पडली, बापानं तिला गाडीत घालून ओढलं. नदीत त्याचा पाय घसरला, ओल्या कपड्यांवर गारठा धरला, तो गेला. पाच दिवसांनी आई. तुकडी 30 नोव्हेंबरला सॉल्ट लेकला पोचली तोवर नेलीचे पाय गोठून काळे पडले होते. खाटकाची सुरी आणि सुताराची करवत, भूल नाही. गुडघ्याखालचे दोन्ही पाय गेले. त्या जखमा जन्मभर भरल्या नाहीत. 24व्या वर्षी सीडर सिटीच्या विल्यम अनथँकची ती दुसरी बायको झाली, सहा मुलं वाढवली, मोजे विणून विकले. आणि वर्षातून एकदा मुलांना घेऊन प्रार्थनाघर गुडघ्यांवर धुऊन काढायची. 1915 साली गेली.

तिसरा दिवस कसा सरला ते आठवत नाही.

रेंज आली तशी आईला फोन लावला. तिचा उजवा पाय दोन वर्षांपूर्वी साखरेनं घोट्यापासून नेला. आता ती घरभर बसत सरकत झाडते आणि कुणी केरसुणी हातातून घेतली की चिडते. मी नेलीचं सगळं सांगितलं. आई गप्प होती.

"घर कसलं होतं तिचं?"

"एका खोलीचं. जमीन मातीची. ओली करून खरवडून खरवडून तिनं ती फरशीसारखी गुळगुळीत केली होती म्हणे."

"शेण नाही?"

"नाही."

"शेणाशिवाय माती धरत नाही गं," आई म्हणाली. "रोज घोटावी लागली असेल तिला."