बाईंच्या टेबलावरचे दोन दगड

"चंद्र सूर्यापासून पृथ्वीइतकाच लांब आहे. मग तिथं साधं गवतही का उगवत नाही?"

नववीत विज्ञानाच्या बाईंनी हे विचारलं आणि वर्ग गप्प झाला. पृथ्वी सूर्यापासून योग्य अंतरावर आहे, म्हणून पाणी द्रवरूपात राहतं, म्हणून जीवसृष्टी आहे, हे उत्तर आमचं तोंडपाठ होतं. चंद्रानं ते मोडीत काढलं. त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या 81व्या हिश्श्याइतकं. हवा धरून ठेवायला ते पुरत नाही. त्यामुळे तो दिवसा 120 अंशांपर्यंत तापतो आणि रात्री उणे 130च्याही खाली जातो. मंगळाचंही थोडंफार तसंच. वस्तुमान पृथ्वीच्या एक दशमांश, आतून लवकर निवला, चुंबकीय कवच गेलं आणि सौरवाऱ्यानं, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतानं, हवा हळूहळू ओरबाडून नेली. आज तिथे नद्यांची कोरडी पात्रं तेवढी दिसतात.

पण मला खरा लळा लागला तो पुढच्या तासाला. बाईंनी टेबलावर दोन दगड ठेवले. एक काळा, शाळेमागे पाण्याची टाकी खणताना निघालेला, बारीक पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक भरलेला. दुसरा इंदूरजवळच्या धार जिल्ह्यातल्या बाघकडचा चुनखडक, त्यावर शिंपल्याचा ठसा. आपल्या भागात एकेकाळी समुद्र होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बाईंनी ड्रॉपरनं चुनखडकावर सौम्य आम्ल टाकलं आणि तो फसफसला. सगळे बाक सोडून टेबलाभोवती जमलो. बाई म्हणाल्या, "बघा, हा कार्बन डायऑक्साइड. कोट्यवधी वर्षं दगडात कोंडलेला होता."

काळा दगड म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. अख्खं इंदूर त्यावर वसलंय, माळव्याची काळी मातीही त्याचीच. ज्वालामुखी कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात आणि हा वायू उष्णता धरून ठेवतो. पावसात तो विरघळतो, असं पाणी बेसाल्टसारखे खडक झिजवतं, त्यातलं कॅल्शियम नद्यांवाटे समुद्रात जातं आणि तिथं चुनखडक तयार होतो. पुढे भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे मोठे तुकडे, खाली सरकले की त्यातला काही वायू ज्वालामुखींतून परत वर येतो. पृथ्वी तापली की झीज वाढते आणि वायू कमी होतो. गारठली की उलटं. या फेऱ्याला लाखो वर्षं लागतात, पण पाणी टिकलं ते त्यामुळेच. वायूंनी उष्णता धरून ठेवण्याचा हा हरितगृह परिणाम नसता तर पृथ्वीचं सरासरी तापमान 15 ऐवजी उणे 18 अंश असतं. शुक्रावर पाणीच उरलं नाही, फेरा चाललाच नाही, सगळा वायू हवेत राहिला आणि पृष्ठभाग 465 अंशांवर गेला. आकारानं तो जवळजवळ पृथ्वीएवढाच आहे, हे मला आजही अस्वस्थ करतं.

मी आता भूशास्त्र शिकवते. "पृथ्वीसारखा ग्रह सापडला" अशी बातमी आली की मुलं धावत येतात, आणि मी बाईंचे प्रश्न विचारते: वस्तुमान किती? हवा आहे का? आतून अजून तापलेला आहे का? 2017मध्ये सुमारे 40 प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-1 या ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचं जाहीर झालं, तेव्हा ताऱ्यापासूनच्या अंतरावरूनच केवढा आनंद झाला होता! 2023मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं त्यांतला सर्वांत आतला ग्रह तपासला. दाट हवा आढळली नाही. बाहेरच्या, कमी तापलेल्या ग्रहांवर काय आहे, याची मी वाट बघतेय. मुलांना वर्गात सांगून ठेवलंय.