दर ६ तासांनी निम्मं

इथल्या कम्युनिटी कॉलेजात चाळिशीत पुन्हा शिकायला बसले, आणि आज क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष सरावात, पहिल्यांदा स्वतःच्या हाताने टेक्निशियम या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन दिलं. बोन स्कॅनला आलेल्या आजी होत्या. सिरिंजवर टंगस्टनचं जड कवच, बोटात किरणोत्सर्ग मोजणाऱ्या डोसिमीटरची अंगठी, त्यात त्यांची शीर नाजूक. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"हे अंगात किती दिवस राहणार?" त्यांनी हळूच विचारलं.

म्हटलं, दर ६ तासांनी निम्मं होतं, शिवाय लघवीवाटेही जातं, भरपूर पाणी प्या. हाफ-लाइफचं गणित मी वहीत कितीदा सोडवलं असेल! त्यांचा आवळलेला हात सैल झाला.

तीन तासांनी, अंगातून येणारे किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी त्यांच्या बरगड्या उमटू लागल्या. निकाल सांगणं डॉक्टरांचं काम. मी त्यांच्या पायांवर गरम पांघरूण नीट केलं.