किडनीची बायोप्सी: माझा अनुभव

घसा धरला की दुसऱ्याच दिवशी लघवी गडद तपकिरी व्हायची, आणि घसा बरा झाला की तीही निवळायची. हे पुन्हा पुन्हा व्हायला लागल्यावर तपासण्या झाल्या. लघवीत तांबड्या पेशी आणि प्रोटीन होतं. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन मात्र नॉर्मल, सोनोग्राफीतही काही नाही. किडनीच्या डॉक्टरांना आयजीए नेफ्रोपॅथी या किडनीच्या आजाराचा संशय होता. पण तो पक्का करायला किडनीचा तुकडाच सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. किडनीचे वेगवेगळे आजार लघवीच्या रिपोर्टमध्ये सारखेच दिसू शकतात, उपचार मात्र वेगळे असतात. मला हे कारण पटलं, म्हणूनच मी तयार झाले.

आधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या झाल्या. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं कोणी घेत असेल तर ती कधी थांबवायची, हे डॉक्टर ठरवतात. बीपी वाढलेलं असेल तर आधी ते आटोक्यात आणतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पोटाखाली उशी घेऊन मला पालथं झोपवलं आणि पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं. ते चुरचुरलं, पुढे फक्त दाब जाणवला. खरी कसोटी श्वासाची. किडनी श्वासपटलाच्या खाली असते आणि श्वासागणिक वर-खाली सरकते. सोनोग्राफीत बघत सुई नेमकी किडनीच्या खालच्या टोकाला न्यायची, तर किडनी स्थिर हवी. "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हटलं की धरायचा; मग खट्‌ असा आवाज येतो आणि तुकडा निघालेला असतो. पालथं झोपून श्वास रोखायचा सराव मी घरी केला होता. ज्यांची बायोप्सी ठरली आहे त्यांनी तो जरूर करावा, फार आधार वाटतो.

नंतर बराच वेळ उताणं पडून राहायचं. नाडी आणि बीपी सतत बघतात, प्रत्येक वेळची लघवी ठेवायला सांगतात. माझी पहिली लघवी गुलाबी होती, मग रंग निवळत गेला. लघवीत रक्ताच्या गाठी आल्या, लघवी अडली, पाठ किंवा पोट जोरात दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच यायचं, असं बजावून घरी सोडलं. पुढे काही दिवस जड उचलायला मनाई होती.

रिपोर्टमध्ये आयजीएच निघालं. इम्युनोफ्लुरोसन्स या तपासणीत ते चमकताना दिसतं. याच तपासणीच्या जोरावर 1968 मध्ये पॅरिसमध्ये बर्जर आणि हिंग्ले यांनी हा आजार पहिल्यांदा वर्णिला. आयजीए ही नाक, घसा, श्वासनलिका आणि आतड्यांच्या अस्तराचं रक्षण करणारी अँटीबॉडी. या आजारात तिच्या काही रेणूंवर गॅलॅक्टोज ही साखर कमी असते, शरीर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, आणि ही गुंतावळ किडनीच्या गाळण्यांमध्ये साचते. घशाचा आणि लघवीचा संबंध मला तेव्हा कुठे उमगला.

सध्या प्रोटीन कमी करणारी बीपीची गोळी सुरू आहे आणि मीठ कमी केलंय. या गोळीनं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून क्रिएटिनिनबरोबर तेही तपासत राहावं लागतं.