जाळीत अडकलेलं सिलिकॉन

पाटणला चहासाठी गाडी थांबवली, इंजिन चालूच होतं, आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा फडफडला. काकांनी त्याच क्षणी चावी फिरवून इंजिन बंद केलं. एसटीत ड्रायव्हर म्हणून उभी हयात गेलेला माणूस. डिपस्टिक काढून पाहिली, तेल बरोबर होतं. मला फोन केला, "मिस्त्री, तेल आहे पण प्रेशर नाही. मी चालवत आणत नाही." आणि गाडी टोचन करून कराडला माझ्या गॅरेजात आणली. २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट, चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आलेली. गाव जवळ आलंय म्हणून तशीच रेटली असती, तर इंजिनच्या मुख्य दांड्याची, म्हणजे क्रँकची, बेअरिंग पकडली असती आणि अख्खं इंजिन खोलावं लागलं असतं.

बॉनेट उघडलं आणि माझी नजर टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणावर गेली. कव्हरच्या चारही बाजूंनी सांधे बंद करायचं लाल सिलिकॉन बाहेर आलेलं. बोल्टच्या डोक्यांवरही फासलेलं.

काकांनी मागची हकीकत सांगितली. गेल्या पावसाळ्यापासून घाटात एसीच्या जाळीतून जळक्या तेलाचा वास यायचा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून तेल ठिबकायचं. एका ठिकाणी सांगितलं, क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. ते काकांना पटलं नाही. दुसरीकडे टॅपेट कव्हरचं पॅकिंग, म्हणजे कडेनं बसणारं रबर, बदललं. थोडे दिवस बरे गेले, पुन्हा गळती. मग त्याच पॅकिंगवर सिलिकॉन थापून कव्हर बसवून दिलं.

गिअरबॉक्स उतरवायला नकार दिला, हे काकांनी फार चांगलं केलं. तेल वरून पाझरतं, ओघळत खाली येतं आणि सर्वांत खालच्या कडेवर थेंब धरतं. थेंब पडतो तिथेच गळती आहे असं धरून चाललात तर लोकांचे पैसे फुकट जातात. गळती शोधायची तर आधी इंजिन धुऊन, हवा मारून कोरडं करायचं, थोडं चालवायचं आणि हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन वरून खाली बघत यायचं. ओल सर्वांत वर जिथे दिसेल ती जागा खरी.

पण त्या दिवशी गळतीपेक्षा प्रेशर महत्त्वाचं होतं. ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथे गेज लावला आणि इंजिन अगदी थोडा वेळ चालू केलं. काटा सावकाश चढला. किंचित रेस दिली तर वर जायचा तो उलट खाली आला. तिथेच मला निम्मं उत्तर मिळालं. बेअरिंग सैल झाली असतील किंवा पंप घासला असेल, तर आयडलला, म्हणजे रेस न देता, प्रेशर कमी दिसतं, पण रेस दिल्यावर थोडंफार वाढतंच. रेस दिल्यावर पडत असेल, तर पंपाला ओढायला तेलच पुरत नाही. म्हणजे खाली चेंबरमधली, इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातली, जाळी चोंदलेली. पंप तिच्यातूनच तेल ओढतो. आणि कशानं, ते तर समोरच दिसत होतं. कव्हर आवळताना सिलिकॉन जितकं बाहेर येतं, तितकंच आतही जातं. बाहेरचं डोळ्यांना दिसतं, आतलं तेलात पडतं.

"इंजिन गेलं का?" काकांनी विचारलं.

"काका, तुम्ही चावी वेळेवर बंद केलीत. मला वाटतं वाचलंय. पण चेंबर उतरवल्याशिवाय शब्द देत नाही."

आधी कव्हर काढलं. आतल्या कडेला सिलिकॉनची लोंबती झालर. काही ठिकाणी ती तुटून गेलेली, तिथे फक्त तिचा ठसा उरलेला. कव्हरखालच्या हेडमधून तेल खाली परतण्याच्या एका भोकाच्या तोंडाशी एक लांब तुकडा अडकून बसला होता. तेलात भिजलेल्या पृष्ठभागावर सिलिकॉन धरत नाही. लावताना जागा नीट पुसलेली नसणार, म्हणून ते सुटं झालं. एका स्पार्क प्लगच्या विहिरीत, म्हणजे तो बसतो त्या खोल भोकात, तेल उतरलं होतं, कारण प्लगच्या भोकांभोवतीची गोल रबरं जुनीच ठेवली होती. तेलानं कॉइलचा रबरी बूट फुगला होता. आणखी काही दिवसांत गाडी मिसिंग मारायला लागली असती.

मग तेल काढून चेंबर उतरवला. तळाशी काळ्या तेलात लाल तुकडे शेवयांसारखे पसरले होते. पंपाच्या जाळीवर त्यांचा थर बसून निम्म्याहून जास्त जाळी बंद झालेली. चिमट्यानं एकेक तुकडा उचलून पांढऱ्या फडक्यावर ठेवत गेलो. काका शेजारी वाकून बघत होते, काही बोलले नाहीत. दोन बेअरिंग कॅप उघडून पाहिल्या. शेल, म्हणजे बेअरिंगची आतली अर्धगोल पत्री, गुळगुळीत होती, ओरखडा नाही. तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला.

आता मूळ गळती. मागच्या वेळी बसवलेलं पॅकिंग मी बोटांत धरून वाकवलं. लोकल माल, इतक्यातच कडक पडून चपटा झालेला. खाचेतही सैल बसत होता. रबर सगळं सारखं दिसतं, पण सारखं नसतं. साधं नायट्रिल रबर शंभर-एकशेवीस अंशांपर्यंत टिकतं, अ‍ॅक्रिलिक दीडशेच्या आसपास, सिलिकॉन रबर दोनशेपर्यंत. घाट चढताना एक्झॉस्टच्या बाजूची कड चांगलीच तापते, आणि हलकं रबर तिथेच आधी मरतं. माझ्या हाती नवं पॅकिंग आलं की मी ते आधी खाचेत बसवून कव्हर उलटं करतो. पॅकिंग स्वतःहून गळून पडता कामा नये, आणि खाचेच्या वर सगळीकडे सारखं, थोडंसं उभं राहिलं पाहिजे. अँबॅसिडर, पद्मिनीच्या काळात बुचाचं पॅकिंग असायचं आणि त्याला शेलॅक, म्हणजे लाखेचा चिकट द्रव, लावणं बरोबर होतं. खाचेत बसणाऱ्या रबरी पॅकिंगला तो नियम चालत नाही. त्यावर सिलिकॉन थापलं की रबर जागेवरून घसरतं.

पण नुसतं चांगलं पॅकिंग घालून मी गाडी दिली असती, तर काका पुन्हा आले असते. इंजिनच्या आतल्या गॅसला वाट देणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला. आतला दांडा खुळखुळायला हवा. आवाज नाही. काळ्या चिकट गाळानं तो जागीच जाम झाला होता. पिस्टनच्या बाजूनं थोडा गॅस चेंबरमध्ये उतरतोच. त्याला या व्हॉल्व्हमधून इनटेककडे, इंजिन हवा ओढतं तिकडे, जायची वाट मिळाली नाही, तर आत दाब साठतो आणि तेलाला सर्वांत कमजोर जोडातून बाहेर ढकलतो. पॅकिंग बदलणाऱ्या किती जणांनी हा व्हॉल्व्ह काढून पाहिलेला असतो? मला याचं मनापासून वाईट वाटतं. काही शे रुपयांच्या वस्तूसाठी गिऱ्हाईक वर्षभर गॅरेजं फिरतं.

जोडणीला घाई केली नाही. हेडची कड प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडली. अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडी पातं चालवलं की चर पडते आणि नवी गळती सुरू होते. मग थिनरनं पुसून पूर्ण कोरडी केली. सिलिकॉन लावलं ते फक्त टायमिंग चेनचं कव्हर हेडला मिळतं त्या दोन कोपऱ्यांवर, मुगाएवढं. तिथे दोन भागांच्या सांध्यात बारीक पायरी राहते, ती रबरानं भरत नाही. ट्यूबही इंजिनचीच. बाथरूमच्या फटी भरायचं आंबट वासाचं सिलिकॉन धातू खातं. बोल्ट मधून बाहेर, आलटूनपालटून, दोन टप्प्यांत आवळले. शेवटी किती जोर लागतो ते मोजणारा टॉर्क पाना, एक किलोग्रॅम-मीटरच्या आतच. दहाच्या पान्याचा बोल्ट हाताच्या जोरावर आवळला की हेडमधले आटे जातात. चेंबरला मात्र या इंजिनात पॅकिंगच नसतं, तिथे सिलिकॉनचीच अखंड रेघ द्यावी लागते. ती बारीक आणि बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं दिली.

गाडी रात्रभर तशीच ठेवली, सिलिकॉन सुकायला वेळ हवा. सकाळी नवं तेल, नवा फिल्टर, आणि गेज पुन्हा लावला. काटा झटकन चढला, रेसबरोबर वर गेला. तापल्यावरही टिकून राहिला.

काकांना एकच विनंती केली, हे तेल पाचशे किलोमीटरला बदलायचं, आणि जुना फिल्टर मला दाखवल्याशिवाय फेकायचा नाही. ते ठरल्याप्रमाणे आले. फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या, तर आत तांदळाच्या कणीएवढे दोन-तीन लाल कण होते. मी चेंबर पुन्हा उतरवायची गरज नाही म्हणून सांगितलं, आणि त्याच्या पुढचा फिल्टरही कापून बघायचं ठरलं.