लंब्रिज ते क्रँडॉर: जुन्या रूनस्केपमध्ये सावकाश परतताना

यंदाच्या पावसाळ्यात मी ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये परतले आणि लंब्रिजच्या किल्ल्यापासून क्रँडॉर बेटावरच्या ड्रॅगनपर्यंतचा प्रवास पूर्ण केला. एक पैसाही भरला नाही, बहुतेक वाट पायी तुडवली, आणि दिवसभराच्या कामातून जो वेळ उरला तेवढाच दिला. कॉलेजात असताना हा गेम खेळलेले आणि आता नोकरी-संसारात अडकलेले बरेच जण माझ्या ओळखीत आहेत. परत यावंसं त्यांना वाटतं, पण लोक कुठल्या कुठे पुढे गेले, आपण आता काय गाठणार, म्हणून थांबतात. हा वृत्तांत त्यांच्यासाठी आहे. इथे कुणाला गाठायचं नसतं. वाटेत नीट थांबत गेलं तर हा जुना गेम आजही भरभरून देतो.

आधी खात्याची गोष्ट, कारण परतणाऱ्यांचा गोंधळ तिथेच होतो. मूळ रूनस्केप जानेवारी २००१ मधला. आमच्या फोंड्यात सायबर कॅफेत मी आणि भाऊ ब्राउझरमध्ये खेळायचो तो हाच. पुढे तो इतका बदलला की जुन्या खेळाडूंनी जुना गेम परत मागितला. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीकडे ऑगस्ट २००७ ची एक प्रत जपलेली होती, तिच्यावरून २२ फेब्रुवारी २०१३ रोजी ओल्ड स्कूल सुरू झाला. त्या दिवशी सगळ्यांनी शून्यापासून सुरुवात केली. म्हणजे तुमचं पात्र २००७ चं असेल, तर ते ओल्ड स्कूलमध्ये सापडणार नाही. ते सापडलंच तर नव्या रूपातल्या रूनस्केपमध्ये. २०१३ नंतर ओल्ड स्कूलमध्येच खेळला असाल, तर मात्र पात्र जिथे सोडलं होतं तिथे उभं असेल, बँकेतल्या वस्तूंसकट. सांगायला आनंद वाटतो की त्या वस्तू निकामीही झालेल्या नसतात. दर दोन वर्षांनी सगळ्यांची आयुधं कचऱ्यात काढणारे गेम पुष्कळ आहेत. इथे चाळीसाव्या लेव्हलची रून सिमिटार ही वाकडी तलवार तेव्हा कामाची होती, आजही आहे.

माझं खातं सापडलं तरी मी मुद्दाम नवं पात्र काढलं. वाट पहिल्यापासून बघायची होती.

खेळायला फोन पुरतो. ऑक्टोबर २०१८ पासून हा गेम मोबाइलवर आहे, आणि कंप्युटरवरचं पात्र तेच फोनवर चालतं. घरी लॅपटॉप, फोंडा-पणजी कदंब बसमध्ये फोन, असं माझं चाललं. गेमचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं, त्यामुळे भारतातून खेळताना नेट थोडं मागे-पुढे झालं तरी बिघडत नाही. वर्ल्ड, म्हणजे सर्व्हर, निवडताना मला ब्रिटन आणि जर्मनीमधले अमेरिकेपेक्षा बरे गेले. पण पावसात वीज आणि नेट कधी दगा देतील याचा नेम नाही, आणि लढाईच्या मध्यात संपर्क तुटला तर पात्र लगेच बाहेर पडत नाही, मार खात उभं राहतं. म्हणून माझा नियम साधा: बसमध्ये मासे, लाकूड, खाणकाम आणि बोलाचालीचे क्वेस्ट, म्हणजे गोष्टीतल्या कामगिऱ्या. लढाई घरी, लॅपटॉपची बॅटरी भरलेली असताना.

सुरक्षेचं काम पहिल्याच दिवशी उरका. खातं जॅगेक्स अकाउंटमध्ये बदला, लॉगिनला वेगळा कोड मागणारा ऑथेंटिकेटर लावा, बँकेला चार आकडी पिन द्या. कंप्युटरवर गेम चालवायला रूनलाइट हा वेगळा प्रोग्राम वापरत असाल तर तो त्याच्या अधिकृत जागेवरूनच उतरवा. आणि पैसे दुप्पट करून देतो म्हणणारे आजही ग्रँड एक्स्चेंज या खेळाडूंच्या बाजाराच्या चौकात उभे असतात. त्यांच्याशी बोलूही नका.

आता वाट. शिकाऊ बेटावरून तुम्ही लंब्रिजला उतरता. किल्ल्यातला आचारी तिथे वाट बघत असतोच: ड्यूकच्या वाढदिवसाचा केक, आणि घरात अंडं, दूध, पीठ काहीच नाही. हा क्वेस्ट घाईत संपवू नका. शेतातून गहू तोडायचा, गिरणीच्या वरच्या मजल्यावर हॉपरमध्ये टाकायचा, कळ फिरवायची, मग खाली येऊन मडक्यात पीठ भरायचं. कुठली वस्तू कुठून येते आणि कशाची काय होते, हा सगळ्या गेमचा गाभा या एका कामात आहे. पूर्वेला गायींच्या कुरणात लढायला शिका आणि कातडी टाकून देऊ नका. नवख्याचं पहिलं भांडवल तेच. अल खरीदच्या फाटकावर दहा नाण्यांचा टोल आहे, आत चामडं कमवायची सोय आहे.

माझा भाचा म्हापशाला असतो, तो हा गेम माझ्या कितीतरी आधीपासून परत खेळतोय. तो रोज विचारायचा, "आत्या, तू चालत कशाला जातेस? होम टेलिपोर्ट मार ना." लंब्रिजला परत नेणारा हा टेलिपोर्टचा मंत्र फुकट आहे, अर्ध्या तासाने पुन्हा मिळतो, अडचणीला उत्तम. पण लंब्रिजहून ड्रेनॉर, तिथून बार्बेरियन व्हिलेज, मग व्हॅरॉक ही वाट एकदा तरी पायी चाला. प्रत्येक नव्या भागात पाऊल टाकलं की त्या जागेचं स्वतःचं संगीत उघडतं. नकाशा असा चालून डोक्यात बसला की पुढे कुठलाही क्वेस्ट हाती घेताना मार्गदर्शक उघडावा लागत नाही. फक्त व्हॅरॉकच्या दक्षिणेला डार्क विझर्ड, म्हणजे दुष्ट जादूगार आहेत. लेव्हल कमी असेल तर त्यांना लांबून वळसा घाला.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. या गेमवर इतकं बारकाईने लिहिलेलं सापडतं की तासाला अनुभवाचे किती गुण मिळतात याचे तक्ते पाठ करता येतील. ते पूर्णवेळ खेळणाऱ्यांसाठी ठीक. एखाद्या कौशल्यात ९९ लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि त्यातला अर्धा रस्ता ९२ वर होतो. हा एक आकडा लक्षात ठेवला की कळतं, शिखरं मोजणं आपलं काम नव्हे. आपल्यासारख्यांनी क्वेस्टच्या मागे जावं. क्वेस्टला शेवट असतो, गोष्ट असते, आणि एका संध्याकाळी एक पुरा होतो.

व्हॅरॉकला पोहोचलात की ध्येय ठरवा: ३२ क्वेस्ट पॉइंट. तेवढे झाल्याशिवाय चँपियन्स गिल्डचं दार उघडत नाही आणि ड्रॅगन मारायचा क्वेस्ट, ड्रॅगन स्लेयर, सुरू होत नाही. फुकट जगात ते आरामात जमतात. रोमियो अँड ज्युलिएट आणि गॉब्लिन डिप्लोमसी प्रत्येकी पाच देतात, अर्नेस्ट द चिकन चार देतो, आणि तिघांत मिळून लढाई नावालाच. हे तिन्ही मी बसमध्ये केले. जुने गोवे मागे पडेपर्यंत एखादा टप्पा सहज होतो. द नाइट्स सोर्डला खाणकाम दहावर न्या आणि रेडबेरी पाय बरोबर ठेवा. या एका क्वेस्टमध्ये लोहारकाम एकवरून थेट २९ वर जातं. त्यातलं निळं खनिज बर्फाच्या गुहेत आहे आणि तिथले राक्षस अंगावर येतात, तेव्हा खायला पुरेसं घेऊन जा.

शील्ड ऑफ अराव्ह मात्र एकट्याने होत नाही. व्हॅरॉकमध्ये दोन टोळ्या आहेत, ढालीचा अर्धा भाग एकीकडे, अर्धा दुसरीकडे. एकाने फिनिक्समध्ये शिरायचं, दुसऱ्याने ब्लॅक आर्ममध्ये, मग देवाणघेवाण. मी आणि भाच्याने एका शनिवारी रात्री तो केला. त्याने माझ्यासाठी नवं पात्र काढलं, शस्त्रांच्या कोठाराची किल्ली आणून हातात दिली, आणि आम्ही फोनवर बोलत सगळं शहर फिरलो. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, एकत्र जमतो तेव्हासुद्धा आमच्या एवढ्या निवांत गप्पा होत नाहीत. तुमचा जुना जोडीदार पुण्यात असेल, दुबईत असेल, त्याला या एका क्वेस्टसाठी बोलवाच.

फॅलाडोर देखणं आहे, पण या प्रवासात तिथे फार काम नाही. तिथल्या खानावळीतून विझर्ड्स माइंड बॉम्ब नावाचं पेय तेवढं घेऊन ठेवा, पुढे लागतं.

खरा मुक्काम पोर्ट सरीमचा. बंदरावरून तीस नाण्यांत करामजाचं गलबत मिळतं, आणि पलीकडे केळीची बाग, ज्वालामुखी आणि मासेमारीचा धक्का. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, बाजारात ताजं नुस्तं मिळायची मारामार. त्याच दिवसांत मी करामजाच्या धक्क्यावर रोज संध्याकाळी शेवंडं (लॉब्स्टर) धरत होते. त्याआधीची वाट अशी: ड्रेनॉरच्या किनाऱ्यावर पहिल्या लेव्हलपासून सुंगटं (कोळंबी), विसावर बार्बेरियन व्हिलेजच्या नदीत ट्राउट, तिसावर सामन, आणि चाळीसावर शेवंड. शिजवायलाही चाळीसच लागते. एक शेवंड बारा प्राण परत देतं. पन्नासावर तलवारमासा, तो चौदा देतो, पण ड्रॅगनसाठी शेवंडं पुरतात. ग्रँड एक्स्चेंजवर ती विकत मिळतात, हे खरं. तरी स्वतः धरलेली घेऊन जा. ज्याला दिवसाकाठी थोडाच वेळ आहे त्याच्यासाठी हे काम नेमकं आहे: एकदा क्लिक केलं की पात्र धरत बसतं, तुम्ही भाजी चिरा, मुलांचा अभ्यास घ्या, मधूनच नजर टाका.

करामजावर असतानाच पायरेट्स ट्रेझरही उरकून घ्या. त्यात रम चोरून पोर्ट सरीमला आणायची असते. कस्टमचा माणूस अंगझडती घेतो, म्हणून बाटली केळ्यांच्या पेटीत दडवायची आणि वर दहा केळी भरायची. पत्रादेवीच्या सीमेवरच्या नाक्यावर दारूसाठी गाड्या तपासताना पाहिलेल्या गोंयकाराला हा क्वेस्ट समजावून सांगावा लागत नाही.

आता ड्रॅगन. चँपियन्स गिल्डचा प्रमुख तुम्हाला एजव्हिलच्या ओझियाककडे पाठवतो, आणि मग क्रँडॉरच्या नकाशाचे तीन तुकडे शोधायचे. एक मेल्झारच्या भूलभुलैयात: प्रत्येक मजल्यावर योग्य शत्रू मारून रंगीत किल्ली मिळवायची, शेवटी लेसर डीमन नावाचा राक्षस. दुसरा पोर्ट सरीमच्या तुरुंगातल्या वर्मब्रेनकडे. तो दहा हजार नाणी मागतो. मॅजिक ३३ असेल तर त्याला गजांबाहेरून मारून टेलिग्रॅब या दुरून वस्तू उचलायच्या मंत्राने तुकडा उचलता येतो. तिसऱ्यासाठी बुटक्यांच्या खाणीत एक दार आहे, ते चार वस्तूंनी उघडतं: न भाजलेला वाडगा, माइंड बॉम्ब, शेवंड धरायचा सापळा आणि रेशीम. वाडगा बार्बेरियन व्हिलेजच्या कुंभाराच्या चाकावर स्वतः घडवा, दोन मिनिटांचं काम आहे. गलबत दोन हजारांना, दुरुस्तीला तीन फळ्या, नव्वद स्टीलचे खिळे आणि हातोडी. कप्तान म्हणून ड्रेनॉरचा म्हातारा नेड येतो. आणि लंब्रिजच्या ड्यूककडून अँटी-ड्रॅगन ढाल घेतल्याशिवाय निघू नका. आग त्या ढालीनेच अडते.

ड्रॅगनचं नाव एल्व्हार्ग, ती ८३ लेव्हलची आहे, प्राण ८०. हल्ला, ताकद, बचाव तिन्ही चाळीसच्या आसपास असू द्या, हातात रून सिमिटार, अंगावर परवडेल ते चांगलं चिलखत, आणि अठ्ठावीस जागांच्या इन्व्हेंटरीत उरेल तेवढी शेवंडं. क्रँडॉरवर उतरल्यावर वाटेतल्या सांगाड्यांशी आणि डीमनांशी लढत बसू नका, सरळ विवराकडे धावा. प्राण निम्म्यावर आले की खा. गुहेतून करामजाला निघणारी भिंत आहे, ती एकदा उघडली की पुढच्या खेपेला गलबत लागत नाही. मेलात तरी घाबरू नका: वस्तू थडग्यात पंधरा मिनिटं राहतात, आणि त्या वाटेने परत जाऊन उचलता येतात. ती पडली तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता आणि भाचा फोनवर माझ्याहून मोठ्याने ओरडत होता. बक्षीस म्हणून ताकद आणि बचावात प्रत्येकी १८,६५० गुण मिळतात, आणि रूनचं छातीकवच घालायची परवानगी.

मेंबरशिप, म्हणजे पैसे भरून उघडणारा बाकीचा गेम, यानंतर घ्या, आधी नको. फुकटचा भाग नीट पाहून झाला की तुम्हाला कळतं हा गेम आपल्या दिवसात बसतो की नाही. पैसे भरायचे नसतील तर गेममधल्या सोन्यातून मेंबरशिप देणारा बॉंड विकत घेता येतो, एक बॉंड चौदा दिवस चालतो. पण त्यासाठी राबणं हेच खेळण्याचं कारण होऊन बसलं तर सरळ महिन्याची वर्गणी परवडली. मेंबर झालात की पहिला क्वेस्ट वॉटरफॉल करा. कौशल्याची अट नाही, आणि नव्या पात्राचा हल्ला आणि ताकद एका झटक्यात तिसावर जातात. मग शेती शिका. औषधी वनस्पती लावल्यापासून ऐंशी मिनिटांत तयार होतात, तेवढ्या वेळात तुमचं घरचं काम होतं. नोव्हेंबर २०२५ पासून सेलिंग हे नवं कौशल्यही आलं आहे, खेळाडूंच्या मतदानातून मंजूर झालेलं. मी आणि भाचा चवथीनंतर गलबत घेऊन निघणार आहोत. कुणाला यायचं असेल तर पोर्ट सरीमच्या धक्क्यावर या, रात्री जेवणं आटोपली की आम्ही तिथेच असतो.