कापलेल्या कोपऱ्यांचे शहर

नकाशात बार्सिलोनाचा एशांपला हा भाग बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो, त्यामुळे इथे आपण रस्ता चुकणार नाही, या खात्रीने मी मुक्कामासाठी तोच निवडला होता. रस्ता चुकला नाहीच, पण इथे पायी सरळ रेषेत चालता येत नाही, हे पहिल्याच संध्याकाळी कळले. प्रत्येक चौकात पदपथ तिरका होऊन बाजूच्या रस्त्यात शिरतो, झेब्रा पट्टे तिथे आतल्या बाजूला असतात, आणि रस्ता ओलांडल्यावर तेवढेच तिरके चालून पुन्हा मूळ वाटेला लागावे लागते. चाकांची बॅग ओढत आठ चौक पार करेपर्यंत या नगररचनेबद्दल माझे मत फारसे बरे राहिले नव्हते. त्यात घर तिसऱ्या मजल्यावर होते आणि लिफ्ट बंद होती. तळमजल्यानंतर इथे आधी ‘अंत्रेसोल’ येतो, मग ‘प्रिंसिपाल’, आणि त्यानंतर कुठे पहिला मजला मोजतात, हे मला पाचवा जिना चढताना समजले. लिफ्ट येण्यापूर्वी घरमालक प्रिंसिपालमध्ये राहत. रस्त्यावरून पाहिले तरी त्या मजल्याचा रुबाब लगेच ओळखू येतो.

चौकातल्या त्या तिरक्या काटाला इथल्या कातालान भाषेत ‘शाम्फ्रा’ म्हणतात. इल्देफोन्स सेर्दा या स्थापत्य अभियंत्याने 1859 मध्ये शहराचा हा विस्तार, म्हणजे एशांपला, आखला, तेव्हा साधारण 113 मीटर बाजूच्या प्रत्येक चौरसाचे चारही कोपरे त्याने 45 अंशांत छाटले. रेल्वेने भारावलेल्या या माणसाला खात्री होती की उद्या वाफेवर चालणारी वाहने शहराच्या रस्त्यांवरूनही धावतील आणि त्यांना वळायला जागा लागेल. मोटारींचा पत्ताही नसताना त्याने 20 मीटर रुंदीचे रस्ते ठरवले, आणि त्यातली निम्मी रुंदी दोन्ही बाजूंच्या पदपथांसाठी ठेवली.

हा मोकळेपणा समजून घ्यायचा तर आधी जुन्या शहराच्या गल्ल्यांतून फिरावे. 1854 मध्ये तटबंदी पाडायला सुरुवात होईपर्यंत सगळी वस्ती तिच्या आत कोंडलेली होती, कारण भिंतीबाहेरचा तोफेच्या टप्प्यातला पट्टा लष्करी कारणांसाठी मोकळाच ठेवावा लागे. त्या कोंडवाड्यातल्या कामगारांची घरे, मजुरी आणि मृत्यू यांचे आकडे सेर्दाने स्वतः जमवले होते. म्हणूनच त्याच्या मूळ आराखड्यात चौरसाच्या दोनच बाजूंना इमारती होत्या आणि उरलेली जागा बागेसाठी होती. जमीनमालकांनी मात्र चारही बाजू बांधून काढल्या, मजले चढवले आणि आतल्या अंगणांत गोदामे व कारखाने घातले. या आराखड्यातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी गेली, असे मला वाटते. रॉजे दे ल्युरिया रस्त्यावरच्या एका बोळातून आत गेल्यावर विटांचा जुना जलमनोरा आणि त्याच्या पायथ्याशी उन्हाळ्यात मुलांसाठी भरला जाणारा उथळ तलाव दिसतो. महापालिकेने 1980 च्या दशकात परत मिळवलेले हे अंगण पाहिले की काय गमावले याचा अंदाज येतो.

कोपरे मात्र टिकले, आणि वास्तुविशारदांनी त्यांचे सोने केले. अंतोनी गौदीची कासा मिला ही इमारत (1906 ते 1912) अशाच एका शाम्फ्रावर उभी आहे. समोरच्या पदपथावरून पाहताना तिचा दगड कुठे वळला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. दगडाची ही लाट एका रस्त्यावरून निघून कोपऱ्याला वळसा घालत दुसऱ्या रस्त्यावर उतरते. सगळ्यांनाच ही चौकट मानवली असे नाही. लुइस दोमेनेक इ मोंतानेर याने सांत पाउ रुग्णालयाच्या इमारती या जाळ्याशी 45 अंशांचा कोन करून मांडल्या, जणू फुगून बसल्यासारख्या.

स्थानिक लोक उत्तर-दक्षिण म्हणत नाहीत. मी पत्ता विचारला तेव्हा बेकरीतल्या बाईंनी ‘डोंगराकडचा, ल्योब्रेगातकडचा कोपरा’ असे सांगितले. एकीकडे समुद्र, समोर डोंगर, आणि दोन अंगांना ल्योब्रेगात व बेझोस या नद्या, एवढ्यावर प्रत्येक चौकातल्या चारही कोपऱ्यांना नाव मिळते. दोन दिवसांत मलाही ते जमू लागले.

या कोपऱ्यांवर अनेक वर्षे मालाचे ट्रक आणि दुचाकी उभ्या राहत आल्या आहेत. 2023 मध्ये कोन्सेल दे सेंत रस्त्याचा मोठा भाग पादचाऱ्यांसाठी मोकळा झाला, आणि तिथले काही चौक आता खरोखरीची मैदाने झाली आहेत. तिथे एका बाकावर बसून मी तासभर शाळा सुटलेली मुले आणि पत्ते खेळणारे आजोबा पाहिले. तिरके चालण्याची सक्ती तिथे नव्हती.

शेवटच्या दिवशी ग्रासिया या वस्तीतल्या एका छोट्या चौकात गेलो. सेर्दाचा आराखडा माद्रिदच्या सरकारने लादला होता. विस्तारासाठी महापालिकेने घेतलेल्या स्पर्धेत पहिला आला होता तो वास्तुविशारद अंतोनी रोविरा इ त्रियास. त्याचा कांस्यपुतळा इथे बाकावर बसला आहे, आणि त्याचा पंख्यासारखा पसरलेला, कधीच न बांधला गेलेला आराखडा त्याच्या पायाशी जमिनीत बसवला आहे. सेर्दाच्या नावाचा चौक म्हणजे शहराच्या कडेचा वाहनांनी गजबजलेला गोल चौक आहे. रोविराच्या शेजारी बाकावर जागा रिकामी होती, म्हणून मी बसलो.