तुम्ही विचारलंत म्हणून: नाण्याचा भाव जास्त वाटला तर चारचौघांत बोलावे का?

विक्रीला ठेवलेल्या नाण्याचा भाव अवाच्या सव्वा दिसला, तर त्याच पोस्टखाली तसे लिहावे की गप्प बसावे, हे मला नाणेसंग्राहकांच्या ग्रुपवर नव्याने आलेली माणसे सतत विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा थोडा सात्त्विक संताप असतो. डोळ्यांदेखत कोणीतरी लुबाडले जात आहे आणि आपण नुसते बघत आहोत, असे त्याला वाटत असते. मी मराठेशाहीची तांब्याची नाणी आणि ब्रिटिश अमलातले रुपये जमवतो, शिवाय अशा एका ग्रुपचा कारभारही पाहतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या तक्रारी अखेर माझ्याकडेच येतात. माझे उत्तर थोडक्यात असे, की कोणी विचारल्याशिवाय भावाबद्दल चारचौघांत बोलू नये, पण नाण्याबद्दल चुकीचे लिहिले असेल तर ते चारचौघांतच सांगावे. या उत्तराला आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल मात्र मला आजवर कोणी विचारलेले नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्याकडे येतोच.

आधी भावाचे. जुन्या नाण्यावर छापील किंमत नसते. एकाने ते वर्षानुवर्षांपूर्वी ढिगातून निवडून उचललेले असते, दुसऱ्याने लिलावात चढाओढ करून, वर लिलावगृहाचे कमिशन आणि कर भरून घेतलेले असते. त्यामुळे ज्या भावात पहिल्याला भरघोस नफा होतो, त्याच भावात दुसऱ्याच्या पदरचे जातात. शिवाय नाणे म्हणजे धान्य किंवा औषध नव्हे. ते न घेतल्याने कोणाचे काही अडत नाही. ज्याला भाव पटत नाही त्याने पुढे जावे, एवढी साधी ही गोष्ट आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी हिंडलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. तिथे दोघांचा सौदा चालू असताना तिसरा मध्येच ‘एवढे कशाला देता?’ म्हणाला, तर दुकानदार चिडतोच, पण गिऱ्हाईकही त्याच्याकडे संशयानेच बघते. आपल्याकडच्या जनावरांच्या बाजारात तर उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची रीतच होती, ती तिसऱ्याला आकडा कळू नये म्हणूनच.

ग्रुपवर सगळे उघड्यावर असते, आणि ते तसे असावे असेच मला वाटते. विक्रेत्याने नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो टाकून खाली आकडा लिहिला, तर त्याने निम्मे काम सचोटीने केलेले असते. त्या आकड्यावर रोज दहा जणांनी नाके मुरडली, की तो पुढच्या वेळी आकडा लिहीत नाही. ‘भावासाठी इनबॉक्समध्ये या’ असे लिहितो. मग माणूस पाहून भाव सांगितला जातो: जुन्या जाणत्याला वेगळा, कालच ग्रुपवर आलेल्याला वेगळा. म्हणजे ज्या नवख्याला वाचवण्यासाठी टीका केली, तोच त्या टीकेमुळे अंधारात ढकलला जातो. आमच्या ग्रुपवर भाव लिहिल्याशिवाय पोस्ट राहू देत नाहीत आणि लिहिलेल्या भावावर शेरा राहू देत नाहीत. हे दोन नियम एकमेकांच्या आधारानेच टिकतात. त्यातला एकच पाळायचा म्हटले तर दुसरा आठवडाभरात मोडतो.

टीका करणाऱ्यांचे हेतूही नेहमी स्वच्छ असतात असे नाही. ‘फारच महाग’ असे पोस्टखाली लिहून दोन-चार जणांना बिचकवायचे, गिऱ्हाईक थंड पडले की रात्री विक्रेत्याला गुपचूप विचारायचे, ‘निम्म्यात देता का?’, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की जुने विक्रेते अशा शेऱ्याला उत्तर देण्याऐवजी रात्रीच्या मेसेजची वाट बघतात. दुसरा प्रकार त्याहून उद्दाम. दुसऱ्याच्या पोस्टखाली ‘माझ्याकडे यापेक्षा कमी भावात आहे’ असे लिहिणे म्हणजे शेजाऱ्याच्या ओट्यावर आपली पाटी मांडणे होय. तुमच्याकडे स्वस्त असेल तर स्वतःची पोस्ट टाका. ज्याला दोन्ही दिसतील तो तुमचेच घेईल.

वर्णनाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे गप्प बसणाऱ्यांचा मला राग येतो. भाव हे विक्रेत्याचे मत असते, पण ‘शिवकालीन’ हे विधान असते, आणि विधान खरे किंवा खोटे असते. शिवराईचेच घ्या. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ असे हे तांब्याचे नाणे महाराजांच्या काळात सुरू झाले खरे, पण तोच मजकूर घेऊन ते त्यांच्यानंतरच्या छत्रपतींच्या काळात, पुढे पेशवाईत आणि इंग्रजी अंमल सुरू झाल्यावरही पाडले जात होते. त्यामुळे नाण्यावर महाराजांचे नाव आहे एवढ्यावरून ते महाराजांच्या काळातले ठरत नाही. आज बाजारात मिळणाऱ्या शिवराया बहुतांशी नंतरच्याच असतात. त्यांचे अक्षर बिघडलेले असते, वजन घटलेले असते, ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने निम्मी अक्षरे कडेबाहेर गेलेली असतात. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई तर ओळखायला अगदी सोपी. ती उत्तरकालीन आहे हे कोणताही संग्राहक फोटोवरून सांगेल. तरीही ‘अस्सल शिवकालीन, राज्याभिषेकाच्या वर्षातील’ असे लिहून अशी दुदांडी पाच हजारांना लावलेली दिसते. इथे पाच हजारांबद्दल एक अक्षरही बोलायची गरज नाही. ‘दादा, नाण्याच्या मधल्या दोन आडव्या रेघा पाहता ही दुदांडी वाटते, म्हणजे बरीच नंतरची. वर्णन दुरुस्त करता का?’ असे त्याच पोस्टखाली लिहावे. वर्णन दुरुस्त झाले की पाच हजार हा आकडा आपोआप केविलवाणा दिसू लागतो आणि तो कोणालाही खोडावा लागत नाही. खरोखरच माहीत नव्हते असा विक्रेता अशा वेळी आभार मानतो. ज्याला माहीत होते, तो पोस्ट उडवतो.

१९३९ च्या रुपयाची कथा याहून गंभीर आहे. सहाव्या जॉर्जचा तो चांदीचा रुपया दुर्मीळ आहे आणि त्याच्या आदल्या वर्षाचा त्या मानाने सहज मिळतो, म्हणून १९३८ मधला शेवटचा आठ कोरून नऊ करण्याचा उद्योग बऱ्याच काळापासून चालत आला आहे. अशा नाण्याच्या पोस्टखाली शंका लिहिणे हा शिष्टाचाराचा भंग नव्हे, तर ज्याला दिसते त्याचे ते कामच आहे. फक्त लिहिताना माणसाला नव्हे, नाण्याला धरून लिहावे. ‘शेवटच्या अंकाचा जवळून फोटो, कडेचा फोटो आणि ग्रॅममध्ये वजन टाकाल का?’ एवढे पुरते, कारण मूळ रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असते आणि साच्यात ओतून केलेली नक्कल बहुधा वजनात किंवा कडेवर तोंडघशी पडते. कोरलेल्या अंकाचे नाणे वजनात पकडले जाणार नाही, म्हणून अंकाचा फोटो आधी मागायचा. ‘चोर’, ‘ठग’ असे शब्द वापरण्यात शहाणपण नाही. विक्रेता स्वतःच फसलेला असू शकतो, आणि अब्रुनुकसानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, तो मोबाइलवर लिहिलेल्या शब्दांनाही लागू होतो.

राम दरबाराचे चित्र आणि १८१८ साल असलेला ‘ईस्ट इंडिया कंपनीचा आणा’ लाखाला लावणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. कंपनीने तसे नाणे कधी पाडलेच नाही. ती देवदर्शनाच्या ठिकाणी विकली जाणारी पदके आहेत. तिथेही ‘लाख रुपये कसले?’ असे विचारू नये, ‘हे चलनी नाणे नाही’ एवढेच सांगावे. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपले नाव वापरून लोकांकडून शुल्क आणि कमिशन मागितले जाते, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला होता. अशी पोस्ट दिसली तर वाद न घालता ती अ‍ॅडमिनकडे पाठवावी. ‘शेतात नांगरताना सापडलेली’ असे अभिमानाने लिहिलेल्या नाण्यांचेही तेच करावे, कारण जमिनीत सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची सक्ती १८७८ च्या कायद्यापासून आहे.

आता ती तिसरी बाजू. भाव जास्त लागला की ज्यांना कंठ फुटतो, ते भाव कमी लागला की मिठाची गुळणी धरून बसतात. आजोबांची पेटी उघडून कोणी ताई चांदीचे तीस-चाळीस जुने रुपये पांढऱ्या कापडावर पसरून फोटो टाकतात आणि खाली लिहितात, ‘चांदीच्या भावात सगळे एकदम द्यायचे आहेत’. फोटोत पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया स्पष्ट दिसत असतो. त्या वर्षीच्या नाण्यावर बादशहाच्या पोशाखावरचा चिमुकला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, बरीचशी नाणी परत वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून नवा ठसा वापरला गेला. म्हणून त्या एका रुपयाला त्याच्या चांदीपेक्षा कितीतरी अधिक किंमत येते. ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना हे पाठ असते. तरी त्या पोस्टखाली ‘बुक’, ‘माझे’, ‘मी आधी’ याखेरीज काही दिसत नाही. बुक करणाराच मग हिशेब मांडतो, आणि तोही आपल्या सोयीने: १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे हे त्याला चटकन आठवते, आधीच्या रुपयांत ती एक्क्याण्णव टक्क्यांहून थोडी जास्त आहे हे आठवायला मात्र वेळ लागतो.

डीलरने डीलरला स्वस्तात विकले, तर तो व्यवहार आहे. दोघेही बाजार ओळखतात आणि स्वतःच्या अभ्यासाचा फायदा घेण्यात गैर काही नाही. ढिगातून नेमके नाणे हेरणे हाच तर या छंदातला आनंद आहे. पण ज्याने कधी नाणे विकलेले नाही, जो एकदाच विकणार आहे, त्याच्याशी हा खेळ बरोबरीचा नसतो. अशा पोस्टखाली ‘विकण्यापूर्वी सालवार वेगळी करा, १९११ चा रुपया बाजूला ठेवा’ असे एका ओळीत लिहिणारा माणूस मला भावावरच्या सगळ्या टीकाकारांपेक्षा मोठा वाटतो. त्याने उघड लिहिल्यामुळे इतरांचा घास जातो, ते त्याच्यावर चिडतात, आणि हे माहीत असूनही तो लिहितो. आमच्याकडे म्हणून घरगुती संग्रहाच्या पोस्टवर पहिले चोवीस तास कोणालाही बुकिंग करता येत नाही. त्या वेळात फक्त नाणी ओळखायची. हा नियम केला तेव्हा काही चांगले संग्राहक ग्रुप सोडून गेले. मला त्याचे वाईट वाटले, पण नियम बदलावा असे वाटले नाही.

यावरूनच माझी कसोटी तयार झाली आहे. महाग भावावर बोलायचा मोह झाला, तर गेल्या वर्षभरात स्वस्त भावावर आपण विक्रेत्याला कधी सावध केले होते का, हे आधी स्वतःला विचारावे. केले असेल तर तुमच्या बोलण्याला वजन आहे, आणि तसे करणारी माणसे बहुधा महाग भावावरही सौम्यच बोलतात.

कोणी आपणहून ‘या नाण्याला काय द्यावे?’ असे विचारले, तर मात्र मोकळेपणाने आणि नेमके सांगावे. नेमके म्हणजे काय, तर नुसते ‘दोनशेचा माल’ असे नव्हे. कोणत्या दर्जाचे नाणे, कुठल्या लिलावात, कोणत्या वर्षी, कमिशन धरून की वगळून कितीला गेले, ते सांगावे. घासून चकचकीत केलेला रुपया आणि मूळ काळपट झाक राखलेला रुपया यांची तुलना करू नये. परदेशातल्या संकेतस्थळावरचा भाव इथे पुरावा म्हणून दाखवू नये, कारण शंभर वर्षांवरचे नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार देशाबाहेर पाठवता येत नाही आणि त्यामुळे तिथला बाजार आणि इथला बाजार एकमेकांना जोडलेले नाहीत. लंडन किंवा न्यू जर्सीहून ग्रुपवर असलेल्या मराठी मित्रांना हे वरचेवर सांगावे लागते. शिवराई त्यांना पाठवता येणार नाही, मग विक्रेता कितीही तयार असो.

आणि तुम्हाला ते नाणे खरोखर हवे असेल, फक्त भाव जड वाटत असेल, तर विक्रेत्याला खासगीत लिहा: ‘नाणे आवडले, माझी झेप आठशेपर्यंत आहे. महिन्याभरात गेले नाही आणि तुम्हाला जमत असेल तर कळवा.’ कारणे देऊ नका, त्याचा भाव कसा चुकीचा आहे हे पटवू नका. बरेच विक्रेते अशा मेसेजला उत्तर देतात, कधी आठवड्याने, कधी तीन महिन्यांनी. आणि जो देत नाही, त्याचे नाणे बहुतेक वेळा त्याच भावात दुसऱ्या कोणी घेतलेले असते.